वाढत्या अंगाचा झगा

आरोक्यम टीचर गेल्याचं मला कळलं ते पापनाशमला, भाचीच्या साखरपुड्यात. एसटीडी बूथवाला निरोप घेऊन मांडवात आला. खरं सांगते, आधी दुःख झालं नाही, राग आला. दोनच दिवसांपूर्वी कुंपणापाशी आमचं भांडण झालं होतं, आणि ते अर्धंच टाकून ही बाई निघून गेली! दीड महिना झाला, राग उतरलेला नाही.

तंजावुरात आमची घरं शेजारी शेजारी. आम्ही मराठी, रामनवमी करणारे. त्या तमिळ कॅथलिक, लवकर विधवा झालेल्या, शाळेत शिवण शिकवायच्या. रोज संध्याकाळी सातला दोन्ही मुलांना गुडघे टेकायला लावून त्यांची जपमाळ चाले आणि शेवटची विनवणी ठरलेली... ‘या घरातून एकाला तुझ्या सेवेला बोलाव.’ एकाला म्हणजे सेल्वमला. मुलगा झाला तर त्याला फादर करीन, असा वेलंकणीच्या मेरीमातेला नवसच बोलल्या होत्या. तो दहावीत असतानाच त्यांनी फादरांचा पांढरा झगा शिवायला घेतला, वाढत्या अंगाचा. दर नाताळात पोराला स्टुलावर उभं करायचं, माप घ्यायचं आणि खालची घडी चार बोटं सोडायची.

“त्याला विचारलंत का?” मी म्हणे.

“देवाला विचारलंय.” संपलं.

बारावीनंतर सेल्वम सेमिनरीत, फादर घडवणाऱ्या शाळेत, गेला आणि चार महिन्यांत परत आला. गल्लीच्या तोंडाशी तेव्हा नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. पोरगा तिथे जाऊन बसला, तो मद्रासच्या परदेशी कंपनीत नोकरी लागल्यावरच उठला. टीचरांनी अंथरूण धरलं. आणि नेमकी तेव्हाच थोरली जसिंता म्हणाली, “अम्मा, मला सिस्टर व्हायचंय.”

मला वाटलं, सुटलो. कसचं काय! कॉन्व्हेंटला आईचं संमतीपत्र हवं होतं. टीचरांनी तो कागद बायबलात घालून ठेवून दिला. “मी मुलगा कबूल केलाय. मुलगी देऊन नवस फिटतो होय?” आईच्या आशीर्वादाशिवाय पाऊल उचलणार नाही, असं मुलीचंही. आईची लेक, दुसरं काय! दोन वर्षं गेली. रोज सातला तीच विनवणी, आणि जिला बोलावणं आलेलं ती हातभर अंतरावर गुडघे टेकून ‘आमेन’ म्हणतेय. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. एके संध्याकाळी सरळ आत शिरले.

“टीचर, देवानं मागितलंय ते देणार, की तुम्हाला द्यायचंय तेच त्याच्या गळ्यात मारणार?”

जपमाळ थांबली... “पो अम्मा, जा इथून! आमच्यातलं तुला काय कळतं?”

महिनाभर अबोला. माझी सांबाराची वाटी धुऊन, रिकामी परत आली. आमच्यात इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मग एका सकाळी त्यांनी सही केलेला कागद जसिंतापुढे ठेवला आणि शाळेला निघून गेल्या.

जसिंता सिस्टर झाली. ओरत्तनाडुपलीकडच्या एका दवाखान्यात काम करते, मोपेडवरून गावं हिंडते. टीचर गावातल्या सगळ्या नन्सना हात जोडून ‘सिस्टर’ म्हणत. पोटच्या पोरीला मात्र ‘ए जसिंता’. त्या शेवटच्या भांडणात मी तेच म्हटलं होतं, “एकदा तरी तिला सिस्टर म्हणा हो.”

“तिला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?” मी विचारलं, तर दूध उतू जातंय म्हणत आत गेल्या.

दफनानंतर दोन दिवसांनी जसिंतानं मला हाक मारली. कपाट उघडं होतं आणि तिच्या हातात सेल्वमसाठी शिवलेला तो झगा. तिच्या संघात सिस्टरांचा झगाही पांढराच असतो. आता तो सगळा उसवून नव्यानं बेतलेला, खांदे अरुंद केलेले, गळा बदललेला. तिनं घालून पाहिला. खांद्यावर काडीचा फरक नाही.

“अम्मानं माझं माप कधी घेतलं, आँटी?”

मला काय ठाऊक! माझ्याशी रोज भांडणाऱ्या बाईनं मलाही पत्ता लागू दिला नव्हता. मी खाली वाकले, झग्याची कड उलटून पाहिली आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. खाली चार बोटं घडी आत घातलेली होती. जसिंता तिशीची झाली. आता आणखी किती वाढणार होती ती, टीचर?