रेवदंड्याला काढलेला फ्यूज

गाडी बंद पडली नव्हती. मी बंद पाडली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखी माणसं दोनच होती आणि दोघांपुढेही माझी जीभ रेटली नाही.

पनवेलला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मित्र बँकेत, आमच्याच गल्लीतला, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. दोस्ती शाळेपासूनची. आमच्या दोघांच्या बायका दोन वर्षांच्या अंतराने गेल्या. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा फिरू या, असं ठरलं आणि एका शाळेने मोडीत काढलेली पिवळी मिनीबस आम्ही घेतली. सीटा काढून झोपायला दोन बाकं ठोकली, शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. रंग बदलायचा राहिला तो राहिलाच. चार वर्षं त्या फिरत्या घरातून आम्ही किनारा पालथा घातला. बाणकोटला सावित्रीच्या काठी मुक्काम, श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत, दिवेआगरला सुरूच्या बनात. तो भात झकास करायचा आणि नकाशा उलटा धरायचा. मुरूडला एक कोळीण आत डोकावून म्हणाली, "तुमी दोगंच? पोरं कुठं हायत?" तो म्हणाला, "पोरं पुढच्या वर्गात गेली, मावशी. आम्ही नापास झालो."

मग त्याच्या मुलाने त्याला इस्राएलला बोलावून घेतलं. कायमचं. मला राग आला, सरळ सांगतो. पंधरा दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. बोललो तेव्हा, "तिकडे तुला वालाचं बिरडं कोण घालणार?" असले टोमणे मारले. शेवटी तोच म्हणाला, "चल, एक फेरी मारू. फक्त शुक्रवारी दुपारपर्यंत मला ताईकडे पोचव."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची, लग्न न केलेली, एके काळी आम्हा दोघांना गणित शिकवलेली. ती पनवेल सोडणार नव्हती. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ती दिवे लावायची, काळ्या मनुकांच्या सरबतावर तो प्रार्थना म्हणायचा, आणि मग ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायची. त्या संध्याकाळपासून शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत तो प्रवास करत नसे. आमच्या फेऱ्या म्हणूनच रविवारी सुरू होऊन शुक्रवारी दुपारी संपायच्या. या वेळी रविवारी पहाटे त्याचं विमान होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही रेवदंड्याला खाडीकाठी होतो. कुंडलिकेला भरती लागली होती आणि तो जरा लांब उभा राहून होड्यांकडे बघत होता. मला वाटलं, अजून एक दिवस. एवढंच वाटलं. मी फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

पुढचे तीन तास मी बॉनेटखाली डोकं घालून नाटक केलं. "एसटीने जाऊ का रे?" त्याने दोनदा विचारलं. "झालंच, दहा मिनिटं," मी दोन्ही वेळा म्हटलं. गाड्यांतलं त्याला काही कळायचं नाही, माझ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास. ऊन कलायला लागलं, आता एसटीनेही सूर्य मावळायच्या आत पोचणं शक्य नव्हतं. तो ताईला फोन करून म्हणाला, "गाडी बिघडलीय गं." तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन प्रार्थना म्हटली. मग आम्ही पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. शनिवारचा अख्खा दिवस आम्ही शाळेतल्या गोष्टी काढून हसलो. मी इतका खूश होतो की आता आठवलं तरी लाज वाटते. शनिवारी दिवस मावळल्यावर मी फ्यूज लावला आणि म्हटलं, "सापडला दोष."

तो इस्राएलला गेल्यावर पुढच्या शुक्रवारी मी ताईकडे गेलो. टेबलावर दोन पेले होते. कुणाचा दुसरा, हे विचारायची हिंमत झाली नाही. तीच बोलली. "त्या दिवशी सरबत गाळून ठेवलं होतं. फोन आला तरी पेला उचलला नाही मी. म्हटलं, गाडी आहे, होईलही दुरुस्त. दिवे आपसूक विझेपर्यंत बसले. शनिवारी आला तो, पण बॅगांच्या गडबडीत डोक्यावर हात ठेवायचा राहिला. आणि शुक्रवारचं ते शुक्रवारीच, नाही का?" मी मान हलवली. सांगायचंच म्हणून घरून निघालो होतो. सरबत पिऊन परत आलो.

त्यानंतर दर शुक्रवारी मी जायला लागलो. तिला वाटायचं, पोराला माया आहे. सात महिन्यांनी ती गेली. त्यांच्यात माती लगेच देतात, त्यामुळे त्याला पोचणं शक्यच नव्हतं. खांदा मी दिला.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हाताऱ्या माणसाने इतकं रडू नये, बघवत नाही. "एक शुक्रवार हुकला रे," तो म्हणत होता, "नेमका शेवटचा." मी मान खाली घातली. मग त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मी दोष अंगावर घेतोय.

"तू का तोंड पाडतोस? तू तर तीन तास उन्हात घाम गाळलास. तुझ्यासारखा मित्र होता म्हणून निदान शनिवारी तरी पोचलो."

"हो," मी म्हणालो. "खूप प्रयत्न केला रे."