पडद्यावरच्या सासूचा कान

"आवाज बंद करा बरं त्याचा," असं म्हणतच डाक्टर आमच्या घरात शिरायचे. चपला दारात, टोपी गुडघ्यावर आणि हात रिमोटकडे. मालिकेतली मोठी सासू ऐन भरात आलेली असायची. ती ताट भिरकावणार एवढ्यात तिची वाचा बसायची.

"अहो, ती काय म्हणते ते ऐकू द्या ना!" आम्ही बाया ओरडायचो.

"बोलनारं तोंड कायले आयकता? डोये पाहा. तीस वर्सं मुक्या जनावराईत काढले मी. एकाही म्हशीनं मले सांगतलं नाही का इथं दुखते म्हणून."

ते डाक्टर नव्हते, हे आधीच सांगून टाकते. जनावरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायचं आणि इंजेक्शनच्या वेळी शिंगं धरायचं काम त्यांच्याकडे होतं. सरकारी कागदावर त्याला 'व्रणोपचारक' म्हणत. हा शब्द आमच्या उंद्री गावात कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून ते डाक्टर. निवृत्तीनंतर ढोरं सुटली, पण निदानाची खोड सुटली नाही. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. मग रोज संध्याकाळी साडेसातला ते आमच्याकडे येत आणि मालिकेतलं अख्खं घराणं तपासत.

आई आणि बायको यांच्यामध्ये उभा राहून कपाळ चोळणारा नायक दिसला की म्हणत, "याच्या मानेवर जू बसलं नाही. नवा हाये." आरशासमोर एकटीच कारस्थान बोलणारी जाऊ दिसली की हळहळत, "कळपातून काढलेली दिसते. तिले कोनाजवळ तरी बांधा." सूड घेण्याची शपथ घेणाऱ्या दिराला त्यांनी एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "पोट साफ नाही."

कधी कधी उठून ते पडद्यावरच्या माणसाच्या कानावर तळहात ठेवत. जनावर आजारी असलं की कान थंड पडतो म्हणे. आमचा टीव्ही जुना, पेटीसारखा. नुकताच लावला असला की सगळ्यांचे कान थंड, आणि आठ वाजेपर्यंत सगळ्या घराण्याला ताप. आम्ही हे खरं मानून चुकचुकायचो. तुम्ही हसाल, पण तुम्हीही मालिकेतल्या बाईसाठी पदर डोळ्याला लावलेला आहे, लपवू नका.

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच कोवळी आणि तितकीच मूर्ख. मुलाने चिखलीला शिकताना परस्पर लग्न ठरवलं आणि शीतलला घरी आणलं. माझ्या बहिणीची मुलगी मी मनात नक्की करून बसले होते. मला कोणी विचारलंच नाही! मग मी मालिकेतून शिकून घेतलं. सून समोर आली की मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग झटक्याने समोर. तिसऱ्या झटक्याला एकदा मान धरली आणि चार दिवस तिळाचं तेल चोळत बसले. कमरेला चाव्यांचा जुडगा खोचला. त्यातल्या एकाच चावीला कुलूप होतं.

चार महिने मी तिच्याशी थेट एक शब्द बोलले नाही. बोलायचं ते आमच्या भुरी म्हशीशी. "भुरे, काही जणीच्या भाकरीले पापुद्रा येत नाही, बरं का." भुरी उत्तर देत नसे. शीतलही नसे.

डाक्टरांनी हे एकदा ऐकलं. "वयनी, म्हशीले काऊन टोमने मारता? दूध आटन तिचं."

आटलंही. मी त्याचाही दोष सुनेच्या पायगुणाला दिला.

शेवटी शीतलच्या भावाने निरोप पाठवला की तो तिला न्यायला येतो. कायमचं, असं कोणी म्हणालं नाही. पण तिची बॅग दोन दिवस आधीच भरलेली होती आणि माझ्या मुलाने जेवण सोडलं होतं. मी मात्र मान झटकतच होते.

भाऊ येण्याच्या आदल्या संध्याकाळी मालिकेतल्या सासूने सुनेला उंबऱ्याबाहेर काढलं. डाक्टरांनी आवाज बंद केला आणि तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं.

"ही बाई चिडली नाही. भेली."

"कायले भेते? बंगला तिचा, चाव्या तिच्या," मी म्हणाले आणि जुडगा उगीच वाजवला.

"वासरू कोनीतरी आनून पुढं उभं केलं. वास वळखीचा नाही. मंग गाय लाथ मारते. तिले मारून काई होत नाही. वासराच्या पाठीवर मीठ चोळायचं. गाय मिठासाठी चाटते, अन चाटता चाटता तिले वाटते, हे तं आपलंच."

"मंग सुनेच्या पाठीवर मीठ टाकाव का, डाक्टर?" शेजारणीने विचारलं.

"टाकाव ना. कळवा कोनी त्या मालिकावाल्याईले. दोन भागात निपटते!"

आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी. शीतल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही.

सकाळी भाऊ मोटारसायकल घेऊन आला. शीतल बॅग ठेवून माझ्या पाया पडायला वाकली, आणि तिच्या पाठीवरून माझ्या पायांवर खडे पडले. पाहते तर पाठभर मोठं मीठ! घामाने अर्धं विरघळलेलं, पातळाला चिकटलेलं.

"हे काय वं?" माझ्या तोंडून निघून गेलं. चार महिन्यांतला पहिला शब्द.

"मीठ," ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "डाक्टरकाका म्हणे..."

मी चाटलं नाही. तेवढी शुद्ध होती. पण पदराने झटकायला लागले. झटकून निघेना, म्हणून तळहाताने पुसलं. पाठ केवढीशी होती! आणि थरथरत होती. डोळे पाहायची सोय नव्हती, पण पाठीवरूनही कळतं.

"अशी पाठ घेऊन गाडीवर बसशील? चिखलीपर्यंत खाजवत जाशील. जाय, आंघोळीचं पानी ठेव."

ती गेली ती आंघोळीलाच गेली. भावाला मी पिठलं-भाकरी वाढली आणि एकट्याला परत पाठवला. खूप पुढे मी तिला विचारलं, "तुले खरंच वाटलं होतं का मिठानं होते म्हणून?"

"नाही. पन मले जायचं नव्हतं."

डाक्टरांना मुलगा पुण्याला घेऊन गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गाडीत बसताना ते मोठमोठ्याने सांगत होते, "लय मजा हाये तिकडं! भिंतीएवढा टीव्ही हाये!" शीतल माझ्या कानाशी म्हणाली, "आई, आवाज बंद करून पाहा." मी पाहिलं. मग साऱ्या गावादेखत पुढे होऊन त्यांच्या कानाला हात लावला. थंडगार होता.

"वयनी, लोक पाहून राह्यले," ते म्हणाले, पण कान काढून घेतला नाही.

मागच्या वर्षी शीतलने त्यांना व्हिडिओ कॉल लावून दिला. त्यांना ती रीत ठाऊक नव्हती. त्यांनी मोबाईल सरळ कानाला लावला. त्यामुळे तोंड नाही, डोळे नाहीत, पडद्यावर नुसता एक म्हातारा, केसाळ कान. "हॅलो, वयनी? मले काई नाही, मी मजेत हाओ," तो कान सांगत होता.

शीतलने न सांगता आवाज बंद केला. मी पडद्यावर तळहात ठेवला. मोबाईल केव्हाचा चालू होता, चांगला तापला होता.

"गरम हाये, डाक्टर," मी म्हणाले. "भेऊ नका."

पुन्हा तो कान काही दिसला नाही.