मुंगीला अडवण्याचे पंधरा दिवस

पंख्यासाठी वर केलेला हात नऊ वर्षं महागात पडणार आहे, हे भूगोलाच्या बाईंना ठाऊक असतं तर त्या दिवशी त्या घाम पुसत गप्प बसल्या असत्या. शिक्षकांची बैठक चालू होती. खेळाचे शिक्षक नोकरी सोडून गेले होते. "मुलींचा फुटबॉल कोण बघेल?" असं हेडसरांनी विचारायला आणि पंखा जोरात करा हे सांगायला बाईंनी हात वर करायला एकच गाठ पडली. "शाब्बास!" हेडसर म्हणाले. पंखा होता तसाच राहिला, फुटबॉल तेवढा बाईंच्या गळ्यात पडला.

तेव्हा बाईंना ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पुस्तक आणून नियम पाठ केले, स्वतःच्या मापाचे बूट घेतले, शिट्टी फुंकताना गाल फुगतात म्हणून आरशासमोर सराव केला. दरवर्षी जूनला त्या घरी जाहीर करायच्या, "हे शेवटचं वर्ष." आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. सासूबाई म्हणायच्या, "हिचं शेवटचं वर्ष म्हणजे माझा शेवटचा चहा. रोजच असतो."

यंदा मात्र खरंच शेवटचं वर्ष व्हायची वेळ आली होती. टेकडीवरच्या शाळेने गेल्या वर्षी बाईंच्या मुलींवर सात गोल केले होते. यंदा पहिलाच सामना पुन्हा त्यांच्याशी. हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. गणिताचे सर शेजारीच वह्या तपासत बसले होते.

"बाई, पाच ते सहा हा तास मैदानावर जातो. तो वरच्या वर्गांच्या जादा गणिताला द्यावा, असं माझं मत आहे."

"सर, त्या तासासाठीच काही मुली शाळेत येतात."

"मग जिंकून दाखवा. टेकडीवाल्यांना हरवलंत तर तास तुमचा. हरलात तर गणिताचा. पंधरा दिवस आहेत."

गणिताच्या सरांनी मान वर केली नाही. आतून उकळ्या फुटत असतील मेल्याला, असं बाईंच्या मनात आलं.

त्या शनिवारी बाई टेकडी चढून गेल्या आणि कुंपणाबाहेर उभं राहून त्यांचा सराव पाहिला. रविवारी पुन्हा गेल्या. सगळा खेळ एका मुलीच्या पायावर चालला होता. अकरा नंबरचा शर्ट, डावा पाय, आणि बाणासारखी डाव्या कडेने पळणारी. बाईंनी भूगोलाच्या वहीत नकाशा काढला, बाण दाखवले, खाली सूची दिली.

घरी जेवणाच्या टेबलावर टेकडीवाल्यांचा अख्खा संघ मांडला गेला. चमचे बचावात, वाट्या मध्ये, आणि मिठाची डबी म्हणजे अकरा नंबर.

"मीठ दे गं जरा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, थांबा. ती आत्ता कडेने पळतेय."

"पळू दे. भाजी अळणी आहे."

नवऱ्याने हळूच एक चमचा उचलला तर बाई ओरडल्या, "अहो, तो त्यांचा सेंटर हाफ आहे!" त्याने चमचा ठेवला आणि भात हाताने कालवला. पंधरा दिवस त्या घरात मीठ मागायची सोय राहिली नाही.

मैदानावर वेगळीच तऱ्हा. बाईंनी फळ्यावर नकाशा काढून वारे दाखवावेत तसे बाण दाखवले. मुली बघत राहिल्या.

"बाई, ही नदी आहे का?"

"ही अकरा नंबर आहे!"

"मग ती उगम कुठे पावते?"

कॅप्टनने हसू दाबलं. बाईंनी खडू खाली ठेवला. एकीच्या बुटाची नाडी सुटलेली, दुसरी चपला घालून आलेली, गोलकीपर हातमोजे विसरलेली. बाईंचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. राखीव मुलींना त्यांनी टेकडीवाल्या बनवलं. पहिल्या अकरा जणींनी त्यांच्याशी रोज खेळायचं. अकरा नंबर कोण होणार? राखीव मुलींत सगळ्यांत लहान, काटकुळी, कुणाच्या ध्यानात न येणारी एक होती. तिला सगळ्या मुंगी म्हणायच्या. बाई तिला घेऊन तिसऱ्यांदा टेकडी चढल्या.

"नीट बघ. ती काय करते, तसं तू करायचंस."

मुंगी तासभर कुंपणाला नाक लावून उभी राहिली. परत येताना एवढंच म्हणाली, "बाई, आत वळायच्या आधी ती उजवी बाही ओढते."

बाईंनी वहीत बघितलं. दोन दिवस पाहून त्यांनी बाही काही टिपली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याने बाईंच्या नाकी नऊ आले. मुंगी अकरा नंबरसारखी पळू लागली, अकरा नंबरसारखी हात कमरेवर ठेवून उभी राहू लागली, बाही ओढून आत वळू लागली, आणि रोज गोल करू लागली. ज्या संघाला सामना खेळायचा होता, तो आपल्याच राखीव मुलींकडून रोज हरत होता. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी चार.

सगळा राग उजव्या बचावात खेळणाऱ्या तारेवर निघे. उंच, सडपातळ, डोकं गरम, म्हणून तार. मुंगी तिच्याच बाजूने यायची.

"तार! ती बाही ओढते तेव्हा तू कुठे बघतेस?"

"तिच्या तोंडाकडे, बाई. हसते ती!"

"हसू दे. तू पायाकडे बघ. मुंगी दिसली की तुटून पड. विचार करू नकोस."

"विचार मी करतच नाही, बाई."

"ते मला माहीत आहे!"

आठव्या दिवसापासून तार तुटून पडायला शिकली. मुंगीच्या पायाशी चेंडू आला की तार कुठूनही यायची, मैदानाच्या पलीकडून यायची. एकदा पाण्याच्या नळापाशी मुंगी चेंडू घेऊन उभी होती, तर तारेने तिथेही झेप घेतली. दोघी ओल्याचिंब. बाईंनी डोक्याला हात लावला. पण चौदाव्या दिवशी मुंगीला एकही गोल करता आला नाही, आणि बाई घरी जाऊन शांतपणे जेवल्या. मिठाची डबी त्यांनी स्वतः सासूबाईंच्या हातात दिली.

सामन्याच्या दिवशी सगळी शाळा मैदानाच्या कडेला. हेडसर खुर्चीवर, शेजारी गणिताचे सर. सासूबाई घरून घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या.

शिट्टी झाली आणि पाच मिनिटांत बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. टेकडीवाल्यांची अकरा नंबर उजव्या कडेने पळत होती. उजव्या! पंधरा दिवसांचे नकाशे, चमचे, वाट्या सगळं पाण्यात. बाईंच्या मुली मात्र शिकवल्याप्रमाणे इमानेइतबारे दुसऱ्या बाजूला जमल्या होत्या. तिथे कुणीच नव्हतं, आणि त्या कुणीच नसलेल्याला त्यांनी घट्ट अडवून ठेवलं होतं.

"अगं, ती तिकडे आहे!"

"पण बाई, नकाशात इकडे होती!" कॅप्टन ओरडली.

एक गोल बसला. मध्यंतराला मुली घोळका करून उभ्या राहिल्या.  राखीव बाकावरून मुंगीचा बारीक आवाज आला.

"बाई, बाजू बदलली तरी बाही ओढतेच आहे. डावी."

बाई तिच्याकडे वळल्या. इतके दिवस ही पोर अकरा नंबर होऊन वावरली होती. तिला खरंच खेळवावं, असं बाईंच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. स्वतःचाच इतका राग आला की त्यांनी शिट्टी चावली.

"शर्ट घाल," त्या म्हणाल्या. "अकरा नंबर जाईल तिथे तू जायचंस. सावलीसारखं."

शर्ट गुडघ्यापर्यंत आला. टेकडीवाल्या हसल्या. पण अकरा नंबरने बाही ओढली की मुंगी आधीच आत येऊन उभी असे. एकदा चेंडू काढून घेतला, दोनदा काढून घेतला. अकरा नंबर वैतागून पुन्हा आपल्या जुन्या डाव्या कडेला आली. तिथे तार होती.

मुंगीने अकरा नंबरच्या पायातून चेंडू अलगद काढला आणि ती वळली. मुंगीच्या पायाशी चेंडू! तारेच्या डोक्यात इतक्या दिवसांची शिकवण पेटली. ती धावत आली आणि तिने आपल्याच मुंगीच्या पायातून चेंडू काढून थेट रेषेबाहेर मारला.

"तार, ती आपली आहे!" बाई किंचाळल्या. मैदानभर हशा पिकला. सासूबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईंनीच शिकवलंय हो ते."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मुंगीने चेंडू मिळवला, तारेने तो हिसकावला. तार कान धरून उभी राहिली, "चुकून झालं, बाई! पायच ऐकत नाहीत!" बाईंनी आभाळाकडे बघितलं.

सामना संपायला चार मिनिटं उरली असताना तिसऱ्यांदा मुंगीला चेंडू मिळाला, आणि तिसऱ्यांदा तार निघाली. ते बघून टेकडीवाल्या दोघी जणी जागच्या जागी थांबल्या. एक तर कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. या दोघी आपसात भांडतील आणि चेंडू आपोआप आपल्याला मिळेल, असा हिशेब. पण तारेला चुकवण्याचा सराव जगात कुणाला असेल तर तो मुंगीला. तिने उजवी बाही ओढली, आत वळली, तार सुसाट पुढे निघून गेली आणि थेट सासूबाईंच्या खुर्चीपाशी थांबली. समोर मैदान मोकळं. मुंगीने लांब पास दिला, कॅप्टनने तो अंगावर घेतला आणि जाळ्यात घातला.

एक-एक. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली.

मुली मुंगीला उचलून नाचत होत्या. बाई मात्र सरळ हेडसरांकडे गेल्या. हेडसर गोंधळले होते.

"बाई, जिंकलात तर तास तुमचा, हरलात तर गणिताचा, असं आपलं ठरलं होतं. बरोबरीचं काही ठरलं नव्हतं."

बाईंचा संताप ओठांपर्यंत आला. तेवढ्यात गणिताचे सर घसा खाकरून उठले. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं.

"सर, सोपं आहे. बरोबरी म्हणजे कोणत्याच बाजूला काही वाढलं नाही, काही घटलं नाही. म्हणजे जे आहे ते तसंच ठेवायचं."

 गणिताच्या माणसाशी वाद कोण घालणार? "ठीक आहे," ते म्हणाले. "तास मैदानाचा."

ते गेल्यावर बाईंनी सरांना गाठलं. "तुम्हाला तो तास नको होता?"

"बाई, मी पाचला घरी जातो. सहाला जायचं म्हणजे तोवर वाटेतला बाजार भरतो आणि बायको यादी हातात देते."

"मग पंधरा दिवसांपूर्वी बोलला का नाहीत?"

"हेडसरांसमोर? तुम्ही पंख्याचं तरी कुठे बोललात?"

 मैदानावर मुंगी चेंडू गोळा करून जाळीत भरत होती आणि तार दुरूनच तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तार!" बाईंनी शिट्टी तोंडात घेतली. "हललीस तर बघ."