बँकॉकची तिकिटं आणि आमचा चैत्र

परवा मी बँकॉकची तिकिटं काढली आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली...

चारच दिवसांची ट्रिप. मी, आमचे हे आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आईंचा पासपोर्ट कधीचा कोरा पडलाय. तो आडवा पहुडलेला मोठ्ठा बुद्ध त्यांना बघायचाच आहे, नदीतल्या बोटीत बसायचं हेही त्यांनीच ठरवलेलं.

चैत्रात आई घर सोडणार नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून मी शहाणीने चैत्र संपल्यावरची तारीख धरली... फक्त बघितलं ते इथे झाशीच्या मानिक चौकातल्या दुकानदाराने दिलेलं हिंदी कॅलेंडर. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा वैशाख लागला तरी आपला चैत्र पंधरा दिवस उरतोच. जन्म झाशीत गेला, तरी माती खाल्ली.

नेमकं ट्रिपमधल्याच शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. इथे मराठी घरं मोजकीच, त्यामुळे वार आधीच वाटून घेतलेले. आणि तिकिटं काही बदलून मिळेनात.

"गौर महिनाभर माहेरी येते. तिला कुलपात ठेवून मी फिरायला जाऊ? तुम्ही दोघं जा," आई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पासपोर्ट कपाटात ठेवायला उठल्या... मला रडूच आलं.

तेवढ्यात शेजारच्या सरोजभाभी कैऱ्या द्यायला आल्या. त्या बुंदेलखंडी, माहेर जवळच्या बरुआसागरचं, पण दरवर्षी आमच्या डाळ-पन्ह्याला पहिल्या हजर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अम्मा, मायके में एकई घर थोड़े होत है? मौसी को घर नईं होत का?"

मावशीचं घर! आई पासपोर्ट हातात घेऊनच परत खाली बसल्या.

मग ठरलं. गौर पाळण्यासकट भाभींकडे, हळदीकुंकूही तिथेच. बाकीच्या काकवांना फोन केले, एकीनेही नाक मुरडलं नाही.

काल आई भाभींना आंबेडाळ शिकवत होत्या. "हींग ज़्यादा, मिर्ची कम" असं चाललेलं... मध्येच मला म्हणाल्या, "तिथे देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात ना गं? मग जुन्याच घेते."

मी नेहमी म्हणायचे, झाशीत आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. चैत्रासारखीच तीही मोजायला चुकत होते... एक घर भिंतीपलीकडेच होतं.