दोन नावांचा डोंगर

मी चौथी शिकलेला माणूस. घाटंजीत जन्मभर पिठाची चक्की चालवली आणि कोणापुढे मान खाली घातली नाही. पोरगा मात्र भूगोल शिकला. आधी पुसदला, मग नागपूरला, शेवटी थेट कॅनडाला. तिकडे पार उत्तरेला समुद्राला लागूनच डोंगर आहेत, पायथा पाण्यात आणि माथा बर्फात. ते मोजायचं त्याचं काम. चक्की सोडून गेला, हा राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

मागच्या पोळ्याला त्याचा फोन आला.

"बाबा, आता ज्या डोंगरावर चाललो ना, त्याले दोन नावं आहेत. नकाशात एका साहेबाचं आहे, तो कधी तिथं गेलाही नव्हता. तिथले जुने लोक दुसऱ्याच नावानं बोलावतात. आम्हीपण तेच घेतो."

"डोंगराले नाव कायले पाहिजे? बैलाले असते, हाक मारली तं येते. तुहा डोंगर येते का?"

तो हसला. "ऐका तं खरं." आणि त्यानं ते नाव घेतलं. लांबलचक, घशातून काढलेलं.

"गिऱ्हाईक उभं आहे," म्हणून मी फोन ठेवला. गिऱ्हाईक कुठलं? पोळ्याला चक्की बंद असते.

पंधरा दिवसांनी त्या डोंगरावरचा बर्फाचा कडा कोसळला. सोबतचे वाचले, हा खाली गेला. महिनाभर शोधलं, मग आता शोधणार नाही असं तिकडून कळवलं.

देह नसला की आमच्यात दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. नदीवर गेलो. महाराजांनी संकल्प सुरू केला. दंडकारण्य झालं, गोदावरीचा उत्तर तीर झाला. मी हात आडवा केला.

"माहं पोरगं गोदावरीवर नाही मेलं."

"काकाजी, आपण बसलो ती जागा सांगावी लागते."

"मग तो आहे ती पण सांगा. त्या डोंगराचं नाव घ्या."

"घेतो की. कोणतं नाव?"

मला सांगता आलं नाही. जावयानं मोबाईलमध्ये पाहून साहेबाचं नाव वाचलं.

"ते नाही. तो दुसरं म्हणे."

"मामाजी, इथं एकच दिसून राह्यलं."

तिकडे त्याच्यासोबत राहणाऱ्या पंजाबी पोराला फोन लावायला लावला. तो बिचारा रडायलाच लागला. "अंकल, वो तो बोलता था रोज. मुझसे बोला ही नहीं जाता था."

ऊन वर चढलं. मी हटलो नाही. शेवटी बायको मागून म्हणाली, "अहो, किती वेळ उन्हात ठेवता त्याले?"

पुतळ्याकडे पाहिलं. एवढासा तर होता.

मी महाराजांना म्हटलं, "घ्या, जे आहे ते घ्या." त्यांनी साहेबाचं नाव अडखळत घेतलं. मी पाणी सोडलं आणि अग्नी दिला.

दरवर्षी श्राद्धाला आता तेच नाव घ्यावं लागेल. माझ्या पोरानं ते कधी घेतलं नव्हतं.