तीन त्रिकोणांचा स्वेटर

तो स्वेटर मुलीला मीच घालायला लावला, हे आधी सांगून टाकते. ती नको म्हणत होती.

डेल्फ्टच्या विद्यापीठात पुढे शिकायची इच्छा असणाऱ्या मुलांना एक दिवस सगळं हिंडून बघू देतात, तिथे ती निघाली होती. सतरा वर्षांची. ट्रेनने इतक्या लांब पहिल्यांदाच एकटी. मार्चचं फसवं ऊन पडलं होतं. "वारा बघ किती आहे. जॅकेटची चेन तर कधी लावत नाहीस, आतून हा घाल," मी म्हटलं. खरं म्हणजे मला तो मिरवायचा होता. आठ महिने खपून केला होता मी.

नवऱ्याला आइंडहोवेनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या डच कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही देश सोडून जवळच्या न्यूनेन गावी राहायला आलो. त्याला काम होतं, मुलीला शाळा होती, मला काहीच नव्हतं. शेजारी एक डॅनिश बाई राहायच्या, सत्तरी उलटलेल्या, लग्न करून कधीकाळी इथे आलेल्या. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेलं दोन सुलट दोन उलट एवढंच माझं विणकाम. दोन रंगांचे धागे दोन बोटांवर धरून एकाच ओळीत नक्षी कशी उतरवायची, ते बाईंनी शिकवलं. त्यांच्याकडे फोटोंचं एक जाडजूड बाड होतं. व्हायकिंगांचे कापडाला टाचायचे बिल्ले, जहाजांवरचं लाकडी कोरीवकाम, उभे दगड. त्यांवर लांब मानेची जनावरं स्वतःचेच पाय पकडून बसलेली, अंगाच्या गाठी झालेल्या, आणि रेघ कुठेही तुटत नाही. ठिपक्यांची रांगोळी काढत वाढलेल्या बाईला हे परकं कसं वाटेल? मी चौकटीच्या वहीत एकेक चौकट रंगवत माझी स्वतःची नक्षी बांधली. खालच्या काठाला पिळाचा दोर, खांद्याभोवती जनावरांची रांग, आणि छातीवर मधोमध एकमेकांत अडकवलेले तीन त्रिकोण. ते मला एका दगडाच्या फोटोत सापडले होते. दिसायला सुरेख, विणायला सोपे.

मुलगी बसने स्टेशनकडे गेली आणि मी स्वेटरचा फोटो इथल्या विणकाम करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. तिने घातलेला, तिच्या चेहऱ्यासकट. पहिल्या दोन-तीन जणींनी कौतुक केलं. मग एकीने लिहिलं, "कृपया हा फोटो काढा. हे चिन्ह कोण अंगावर गोंदवून घेतं, माहीत आहे का तुम्हाला?"

नव्हतं माहीत. शोधलं. काही फोटो साध्या हौशी लोकांचे होते, गळ्यात लॉकेट वगैरे घातलेले. पण मग दुसरे यायला लागले. भादरलेली डोकी, काळे शर्ट, झेंडे, आणि आमच्यासारख्यांना परत पाठवा असे फलक. त्यांच्या दंडांवर, मानांवर माझे तीन त्रिकोण. दारावर स्वस्तिक लावायचं नाही, एवढं आम्हाला इथे आल्या आल्या समजलं होतं. हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

फोटो काढून टाकला. घाईत दोनदा भलतंच बटण दाबलं. तोवर तो कोणी उतरवून घेतला असेल तर? आमचं इथलं राहणं नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेलं. मुलीचं नाव असल्या लोकांबरोबर जोडलं गेलं तर? पण हे सगळे विचार नंतरचे. पहिला विचार हाच, की ती आत्ता तो स्वेटर घालून ट्रेनमध्ये बसलेली आहे.

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सहाव्यांदा लावणार तेवढ्यात तिचाच आला.

"आई." आवाज अगदी बारीक. "मी टॉयलेटमध्ये आहे. कडी लावलीय."

"काय झालं?"

"एक माणूस आहे. समोर येऊन बसला. त्याच्या मानेवर सेम आहे, आई. स्वेटरवरचं. त्याने विचारलं, कुठून आणलास? मी म्हटलं, माय मदर मेड इट. तो हसला. मग म्हणाला, हे तुझ्यासारख्यांसाठी नाही. ओरडून नाही म्हणाला. खूप हळू म्हणाला."

"आता कुठे आहे तो?"

"आय डोन्ट नो. मी उठले तर तोपण उठला."

मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. "स्वेटर काढ," मी म्हटलं.

"जॅकेट सीटवरच राहिलं. आत फक्त बनियन आहे."

"मग उलटा करून घाल. आणि फोन ठेवू नकोस."

कपड्यांची सळसळ ऐकू आली. मग दारावर थाप पडली. इतकी स्पष्ट, जणू आमच्याच दारावर. पुन्हा थाप. मग एका बाईचा आवाज आला, डचमध्ये, तिकीट तपासायचं आहे म्हणून. मुलगी कुजबुजली, "उघडू?" तो आवाज खरंच तपासनीस बाईचा आहे, हे मी इथे बसून कशावरून ठरवू? "आधी तिला बोलू दे," मी म्हटलं. ती बाई बोलत राहिली, कंटाळलेल्या, रोजच्या आवाजात, आणि त्या कंटाळ्यावर विश्वास ठेवून मी म्हटलं, "उघड."

तपासनीस बाईंनी तिला डेल्फ्टपर्यंत आपल्याजवळ बसवलं. डब्यातून दोन फेऱ्या मारल्या. तो माणूस मधेच कुठेतरी उतरला असावा. उतरताना कोणी पाहिलं नाही.

नवरा ऑफिसातून गाडी घेऊन आला, मला घेतलं आणि आम्ही डेल्फ्टला निघालो. वाटेत तो एकदाच बोलला. "पोलिसांना काय सांगायचं? आमच्या मुलीने स्वेटर घातला होता?"

ती आम्हाला एका मोठ्या सभागृहात सापडली, मागच्या रांगेत. स्वेटर उलटा. आतले सुटे धागे छातीवर आडवे पसरलेले. "मी अख्खं लेक्चर ऐकलं," ती इंग्रजीत म्हणाली, जरा अभिमानानेच. गाडीत बसली आणि तिचे दात वाजायला लागले. हीटर पूर्ण लावला तरी न्यूनेनपर्यंत ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी स्वेटर घेऊन शेजारच्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या खुर्चीत खाली बसल्या. मग म्हणाल्या, "उसवू नकोस. तू उसवलंस तर ते कायमचं त्यांचंच होऊन बसेल."

"तुम्ही घालून बसाल त्या ट्रेनमध्ये?" मी विचारलं.

"मी बसेन," त्या म्हणाल्या. "पण मला कोणी काही म्हणणार नाही." हे बोलल्यावर त्यांनाच त्याची लाज वाटली असावी. मी गळ्याची गाठ सोडली, तशी त्यांनी हात पुढे केले आणि सुटणारा धागा गुंडाळायला घेतला.

स्वेटर खालून वर विणलेला, म्हणून गळ्यापासून उसवत यावं लागलं. आधी जनावरं गेली, मग त्रिकोण. दोर तेवढा राहिला. त्याच लोकरीतून मी पुन्हा नुसती जनावरं विणली. आता कुठलंही चिन्ह घ्यायचं तर मी तीन ठिकाणी विचारते, तरी धाकधूक राहतेच. मुलीने स्वेटरला हात लावलेला नाही. मीही आग्रह केला नाही.

ती आता डेल्फ्टलाच शिकते. शुक्रवारी घरी येते. ट्रेनमध्ये बसली की मला "बसले" एवढाच मेसेज करते. ती आइंडहोवेनला उतरेपर्यंत मी सुया हातात घेत नाही. घेतल्याच तर त्या दीड तासात टाके इतके घट्ट पडतात की पुढच्या ओळीत सुई आतच जात नाही.