थेट राजाच्या हाताखाली

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मिळून मधल्या माणसावर जेवढा राग असेल, तेवढा सगळा एकट्या आमच्या ताईच्या सासऱ्यांकडे आहे. मधला माणूस म्हणजे एजंट, दलाल, शिपाई, पुजारी, सगळेच त्यात आले. ताई त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मामा गाडीचं लायसन काढायला गेले तेव्हा एजंटाला दारातच रामराम करून साहेबाच्या टेबलापुढे तीन दिवस उभे राहिले. चौथ्या दिवशी साहेबानेच हात जोडले. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभा जन्म शिफ्ट केली, पण सुपरवायझर नावाची पायरी त्यांच्या जिन्यात नव्हतीच. एकदा व्हॉल्व्ह गळतोय हे सांगायला ते मोठ्या साहेबाच्या मुलीच्या साखरपुड्यात सेफ्टी शूजसकट हजर झाले. "वास तुमच्यापतुर यायच्या आत मी आलो, सायेब," म्हणाले. व्हॉल्व्ह खरोखरच गळत होता, म्हणून नोकरी राहिली. ताईला मागणी घालायला आले तेसुद्धा एकटेच, मध्यस्थाशिवाय. दौंडला आमच्या ओट्यावर बसले आणि पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच म्हणाले, "पोरगं सावळं हाय, हट्टी हाय, पर खोटं बोलत न्हाई. पोरगी देता का?" आई अजून म्हणते, मागणी घालावी तर अशी.

अशा माणसाला लंडन दाखवू नये. पण त्यांची धाकटी लेक तिकडे नर्स आहे, आणि मामी वारल्यावर बापाचं मन रमावं म्हणून तिने तिकीट पाठवलं. जिथे राजाला मुकुट घालतात ते मोठं चर्च बघायला ती त्यांना घेऊन गेली. तिथल्या माणसाने सांगितलं की इंग्लंडात प्रत्येक चर्चवर बिशप असतो, पण या चर्चवर नाही. हे थेट राजाच्या हाताखाली. अशी आणखीही मोजकी चर्चेस आहेत, त्यांना रॉयल पिक्युलिअर म्हणतात, बिशपचा हुकूम तिथे चालत नाही. मामांनी लेकीला लगेच विचारायला लावलं, "मंग बिशप चिडत न्हाई का?" तो माणूस म्हणाला, चिडत असतील, पण दाखवत नाहीत. बाकीचं लंडन मामांनी पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. आयुष्यभर आपण जे करत आलो त्याला परदेशात नाव आहे, कायदा आहे आणि वर राजाची मोहर आहे, हे कळल्यावर माणूस आणखी काय बघणार?

परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपला बिरोबा रॉयल पिक्युलिअर आहे.

हा बिरोबा म्हणजे मांडवगण फराट्याच्या बाजूला एका गावाच्या गायरानाकडेला, लिंबाखाली उभा असलेला भंडाऱ्याने पिवळा झालेला धोंडा. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे जेवायला जायचंय. मामांचे आजे मेंढरं घेऊन इथे येऊन थांबले, तेव्हापासून पूजा यांच्या घराकडे. देवाला छप्पर चालत नाही. ऊन खातो, पाऊस खातो, मेंढरांसारखाच. आणि मामा लंडनहून परतले नेमका तेव्हाच गावच्या देवस्थान ट्रस्टने ठराव केला, की वस्त्यांवरचे सगळे देव ट्रस्टखाली घ्यायचे, प्रत्येकावर स्लॅब टाकायचा, खाली फरशी बसवायची. ठराव वाचून दाखवला ट्रस्टच्या सेक्रेटरीने. सेक्रेटरी म्हणजे आमचे दाजी, मामांचा एकुलता एक मुलगा.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. आणि इथे एक गोष्ट घडली जी मी डोळ्यांनी पाहिली नसती तर मानली नसती. ज्या माणसाने जन्मभर मधला माणूस ठेवला नाही, त्याने स्वतःच्या मुलाशी बोलायला मधला माणूस नेमला. तो मी. ताईने फोन करून बोलावलं, "ये बाबा, घरात भाकरी थापल्याचा तेवढा आवाज येतो," म्हणून दर रविवारी मी दौंडहून पूल ओलांडून जायचो आणि दोघांच्या मध्ये ताट घेऊन बसायचो. "पाव्हणं," मामा भिंतीकडे बघत म्हणायचे, "सेक्रेटरी सायबांना इचारा, चार पिढ्यांचा उघडा देव त्यांच्या सलाबात गुदमरला तर कोन जबाबदार?" दाजी हातभर अंतरावर बसून वरणात भाकरी कुस्करत. "मेव्हणं, आबांना सांगा, गेल्या चैत्रात शेजारची म्हातारी त्याच उन्हात नारळ फोडताना पडली. देवाला चालतंय, मान्सांना चालत न्हाई." दोघांचंही खरं होतं. मी निरोप पोचवायचो, म्हणजे मान इकडून तिकडे फिरवायचो. एका रविवारी मामांनी खाटेखालची ट्रंक ओढली आणि म्हणाले, सलाब पडला तर मी लेकीकडं जानार, परत येनार न्हाई. मामा बोललेलं करतात, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

स्लॅबच्या कामाच्या दिवशी सकाळी मी पोचलो तर ट्रॅक्टर उभा, सिमेंटची पोती उतरलेली, गवंडी तंबाखू मळत बसलेले आणि मामा धोंड्यापुढे मांडी घालून. अर्धं गाव जमलेलं. हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी ट्रस्टचे अध्यक्ष आप्पा पुढे झाले. आप्पा कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. "मामा, तुमचा देव थेट राजाच्या हाताखाली म्हनता न्हवं? राजा म्हंजी हितं कोन? ह्योच. मंग आपुन भांडायचं कशापायी? त्यालाच कौल लावू. तो म्हनंल तसं."

मामांचा चेहरा उतरला. नाही म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात दाजींनी माझा दंड धरला. "मेव्हणं, आबांना सांगा, कौल नको म्हना. मी काम फुडं ढकलतो. त्यांला सोसायचं न्हाई." मी वाकून मामांच्या कानात सांगितलं. मामा मोठ्याने म्हणाले, "त्यांला सांगा, राजाफुडं मधी पडायचं न्हाई."

फुलं लावायला तिऱ्हाईत हवा, म्हणून मलाच पुढे केलं. ओल्या धोंड्यावर कण्हेरीची दोन फुलं चिकटवली, एक उजवीकडे, एक डावीकडे. मामांनी हात जोडले. "छप्पर नको आसंल तर उजवं दे. हवं आसंल तर डावं." मग आम्ही बसलो. ऊन वर आलं तरी फूल पडेना. कुणी खोकलं की सगळे त्याच्याकडे रागाने बघत. एक शेळी फुलांच्या रोखाने निघाली तेव्हा चार माणसं एकदम उठली. ताई पदराचं टोक दातात धरून उभी होती. उजवं फूल थोडं हललं. मामांचे ओठही हलले. आणि डावं फूल पडलं.

कुणीही चांगभलं म्हटलं नाही. आप्पांनीसुद्धा टोपी काढून हातात घेतली. मामा त्या पडलेल्या फुलाकडे बघत राहिले, मग आजूबाजूला, जणू ऑफिस बंद झालंय आणि कुणी सांगितलंच नाही. "बिशप आसता," ते हळू म्हणाले, "तर त्याच्या वर राजाकडं गेलो आसतो. आता राजानंच न्हाई म्हनलं. वर कुनाकडं जायचं?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याकडे कुणाचाच निरोप नव्हता. दाजी पुढे आले आणि बापासमोर मातीत बसले. "वर कुनी नसंल तर खाली सांगा की, आबा. मी हाय."

मामांनी मुलाकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं देव जाणे. मग धोंड्याच्या वर, लिंबातून दिसणाऱ्या आभाळाकडे बोट केलं. "मधी भोक ठेव. त्याच्या डोक्यावर तेवढं. पावसात भिजायची सवय हाय त्याला."

"ठेवतो."

"गवंडी म्हनंल सलाब गळंल."

"गळू द्या, आबा."

ट्रंक खाटेखाली गेली. स्लॅब झाला, भोकासकट, आणि तो गळतो. म्हाताऱ्या बायका कडेला सावलीत उभ्या राहतात, देव मधोमध भिजतो. मामा आता थकलेत, डोळ्यांना कमी दिसतं. संध्याकाळी दाजी त्यांचा हात धरून बिरोबाला नेतात. मी गेलो असलो की मीही मागून चालतो. पुढे दोघांचं काहीतरी बोलणं चाललेलं असतं, मध्येच मामा थांबून हसतात. काय बोलतात ते मला ऐकू येत नाही, आणि आता मला कुणी सांगतही नाही.